चौथीतल्या मुलीला 'देशाच्या आतला देश' मराठीत कसा समजवायचा?

रानजाई

लेक चौथीत आहे. आम्ही सिएटलच्या पूर्वेला राहतो, स्नोक्वाल्मी धबधब्यापासून अर्ध्या तासावर. इथे वॉशिंग्टन राज्यात चौथीला राज्याचा इतिहास असतो आणि नागरिकशास्त्र त्याच्याच पोटात. गेल्या आठवड्यात बाईंनी गृहपाठ दिला: 'सॉव्हरिन्टी' हा शब्द घरच्यांना घरच्या भाषेत समजावून सांगा आणि घरचे काय म्हणाले ते लिहून आणा.

मी पोळ्या लाटता लाटता तोऱ्यात म्हटलं, सोप्पंय, सार्वभौमत्व. आमच्या शाळेत भिंतीवर होतं, 'आम्ही, भारताचे लोक, भारताचे एक सार्वभौम...' तिने विचारलं, सार्वभौम म्हणजे? म्हटलं, ज्याच्या वर कुणी नाही असं राज्य.

"मग ट्युलालिप लोक कसे सॉव्हरिन? त्यांच्या वर तर अमेरिका आहे ना?"

पोळी करपली.

थोडी पार्श्वभूमी देते. या राज्यात मूळ अमेरिकी लोकांच्या, केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या २९ जमाती आहेत. ट्युलालिप जमातीचे जॉन मॅकॉय इथल्या विधिमंडळात होते. त्यांच्या पुढाकाराने २००५ साली कायदा झाला की शाळांनी जमातींचा इतिहास आणि सार्वभौमत्व शिकवावं. 'शिकवावं' म्हटल्यावर जे होतं तेच झालं, बहुतेकांनी मनावर घेतलं नाही. मग २०१५ ला दुसरा कायदा आणून 'शिकवलंच पाहिजे' केलं, आणि वर अट घातली की जवळच्या जमातीला विचारून, तिच्यासोबत बसून शिकवा. अभ्यासक्रमाच्या नावाचा मराठीत अर्थ होईल 'आठवणीच्याही आधीपासून'.

आता माझी अडचण. 'सार्वभौम' शब्दातच सगळी भूमी आहे. ट्युलालिप आणि आसपासच्या लोकांनी तर अमेरिकेशी केलेल्या १८५५ च्या पॉइंट एलियट करारात बहुतेक सगळी भूमी देऊन टाकली. तरी सार्वभौम. हे नऊ वर्षांच्या पोरीला कुठल्या शब्दात सांगू?

कज्जेदलाल

छान धागा. आधी कायद्याचं जुजबी. १८३१ आणि १८३२ मध्ये चेरोकी जमातीचे दोन खटले अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश मार्शल यांनी पहिल्यात म्हटलं की ही परकी राष्ट्रं नव्हेत, ही आमच्या आत असलेली, आमच्यावर अवलंबून असलेली राष्ट्रं. दुसऱ्यात म्हटलं की जॉर्जिया राज्याचा कायदा चेरोकींच्या हद्दीत चालणार नाही. म्हणजे वर केंद्र आहे, पण शेजारचं राज्य वर नाही. आजही ढोबळमानाने हीच चौकट आहे. केंद्राची संसद मात्र हवं तेव्हा कात्री चालवू शकते, आणि तिने ती भरपूर चालवली आहे.

मराठीत मी सरळ 'संस्थान' म्हणेन. सांगली, औंध, जमखंडी. आतला कारभार आपला, परराष्ट्र व्यवहार साहेबाकडे. आजी-आजोबांच्या पिढीला लगेच कळेल.

चिंचपेटी

आजोबांना कळेल हो, गृहपाठ नातीचा आहे. 'संस्थान' म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे राजा, हत्ती आणि दरबार येणार. शिवाय ही दक्षिणेतली संस्थानं १९४८ ला विलीन झाली, संपली. तिला वाटेल जमातीही अशाच संपल्या. मुलांच्या डोक्यातून काढायची गोष्ट नेमकी हीच आहे ना?

तिसरीघंटा

चिंचपेटी +१. मी पोर्टलंडला एका प्राथमिक शाळेत मदतनीस आहे. ऑरेगनमध्येही २०१७ पासून असा कायदा आहे. माझा अनुभव: मुलांची सगळी वाक्यं भूतकाळात येतात. 'ते मासे पकडत असत.' 'ते लाकडी घरात राहत असत.' मग मी विचारते, काल कुठे होते? वर्गात शांतता. एकदा पाहुण्या म्हणून आलेल्या एका बाई सॅमन माशांबद्दल बोलल्या, त्यांच्या कमरेला जमातीच्या मत्स्य विभागाचं ओळखपत्र लटकत होतं. सगळ्या वर्गाचे डोळे त्या ओळखपत्रावर. "म्हणजे तुमचं गव्हर्नमेंट आयडी देतं?" तासाभराच्या व्याख्यानापेक्षा ते प्लॅस्टिकचं कार्ड भारी पडलं.

आणि एक कळकळीची विनंती, कुणी पालक म्हणून वर्गात जाणार असाल तर: कागदी पिसांचे मुकुट नकोत. एका शाळेत (नाव नाही घेत) 'करार करूया' म्हणून नाटुकलं बसवलं होतं. अर्धी मुलं गोरे, अर्धी मुलं 'इंडियन', डोक्याला रंगीत पिसं. पिसांचे ते मुकुट इथल्या किनाऱ्यावरच्या लोकांचे नव्हेतच, दूरच्या मैदानी प्रदेशातले. हे म्हणजे कोळीवाड्यावर धडा घ्यायचा आणि पोरांना फेटे बांधायचे. त्यातून एक मुलगी रडत घरी गेली, कारण तिची पणजी खरंच त्या लोकांतली होती आणि 'तू हरलीस' म्हणून पोरं तिला चिडवत होती.

अवांतरपंत

मला एक कळत नाही. एक देश, एक कायदा हे तत्त्व लहानपणीच रुजवायचं सोडून चौथीच्या पोरांना हे कशाला? वंशावरून वेगळे कायदे म्हणजे भेदभावच की. आणि हायवेने जाताना त्यांच्या कसिनोच्याच जाहिराती दिसतात. सार्वभौमत्व म्हणजे जुगाराचा परवाना असंच मूल समजणार.

कज्जेदलाल

पंत, वंशाचा मुद्दा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ लाच निकालात काढला आहे. जमातीचं सदस्यत्व हे वंशाचं नव्हे, राजकीय नातं आहे असं त्यांनी मानलं. कुणाला सदस्य करायचं हे जमात ठरवते, जसं कुणाला नागरिक करायचं हे देश ठरवतो. ही माणसं १९२४ पासून अमेरिकेची नागरिकही आहेत, मत देतात, केंद्राचा प्राप्तिकर भरतात.

कसिनोचंही तसंच. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅबाझॉन जमातीने खटला जिंकला. मुद्दा एवढाच होता की जी गोष्ट राज्य स्वतः सरसकट गुन्हा मानत नाही, नुसती नियमात बसवतं, ते नियम जमातीच्या जमिनीवर लादता येत नाहीत. पुढच्याच वर्षी संसदेने त्यावर कायदा करून जमातींना राज्यांशी बोलणी करायला लावली. तेव्हा मुलाने कसिनोबद्दल विचारलं तर टाळू नका. 'इथे नियम कोण करतं?' हा प्रश्न तिथूनही सुरू होतो.

गुरुजी_पूर्वविदर्भ

रानजाईताई, मी गडचिरोली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. वर्गात निम्मी मुलं घरी गोंडी बोलतात. म्हणून हा धागा दोनदा वाचला.

आमच्याकडे धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गाव आहे, तुम्ही ऐकलं असेल. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. गोंडीत 'मावा नाटे मावा राज'. वनहक्क कायद्याखाली २००९ ला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो द्यायला वनखातं तयार नव्हतं. २०११ ला केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले तेव्हा तो प्रश्न सुटला, परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं.

मी चौथीला हे असं शिकवतो: फळ्यावर परवाना काढतो आणि खाली एक रिकामी रेघ. "सही कुणाची?" मुलं सांगतात सरपंच, तलाठी, साहेब, मोदी. मग सांगतो, ग्रामसभेची. म्हणजे तुझ्या आजीचीसुद्धा. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतो, एक माणूस अडला तरी चर्चा चालूच राहते, मतदान करून त्याला पाडत नाहीत. हे ऐकून मुलं हसतात, कारण प्रत्येकाच्या घरात एक अडणारी आजी असते.

तुमच्या लेकीला 'सही कुणाची?' विचारून बघा. मासे धरण्याचा परवाना कुणाच्या सहीचा? शाळा कुणाची? पोलीस कुणाचा?

पण एक सावधगिरी. दोन्हीकडचं एकच आहे असं सांगू नका. आमचा पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, १९९६) काय, वनहक्क कायदा (२००६) काय, संसदेने केले म्हणून आहेत. वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत ऐतिहासिक अन्याय झाल्याचं कबूल केलंय ही मोठी गोष्ट, तरी चौकट 'सरकारने हक्क दिला' हीच. तुमच्याकडे करार झालेत. करार दोन बरोबरीच्या पक्षांत होतो.

अवांतर: आमचे बाबुराव शेडमाके इंग्रजांशी लढले, २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी गेले. त्याच साली तुमच्याकडेही कुणी फासावर गेलं का?

रानजाई

गुरुजी, अंगावर काटा आला. गेलं. निस्क्वाली जमातीचे प्रमुख लेशाय, १९ फेब्रुवारी १८५८. नुकतंच लेकीच्या पुस्तकात वाचलं. त्यांच्या करारात वाट्याला आलेली जमीन नापीक, नदीपासून लांब, म्हणून लढाई झाली. लढाईत नागरी फौजेचा एक माणूस मेला आणि यांच्यावर खुनाचा खटला भरला. २००४ साली इथल्या न्यायाधीशांनी एक ऐतिहासिक न्यायालय बसवून म्हटलं की तो माणूस त्यांनी मारला असं धरलं तरी ते युद्ध होतं, आणि युद्धातल्या सैनिकावर खुनाचा खटला चालत नाही.

लेकीने यावर जे विचारलं ते लिहून ठेवलंय: "म्हणजे जज म्हणाले की ते देश होते?" होय बाई, तेच म्हणाले. १४६ वर्षांनी.

पोटमाळा

शब्दाच्या मागे कशाला लागता? गोष्ट सांगा. आमची देतो.

आजोबांनी १९६० च्या सुमारास वावर विकलं. अडचण होती, विकलं. पण खरेदीखतात लिहून घेतलं की विहिरीत निम्मा हिस्सा राहील आणि बांधावरून जायची वाट राहील. सातबाऱ्यावर इतर अधिकारात त्याची नोंद. घेणाऱ्याचा नातू शहरातून आला, म्हणाला, "आमच्या विहिरीवर तुमची मोटर कशी?" वडिलांनी शांतपणे कागद पुढे केला. "तुमच्या आजोबांनी आम्हाला पाणी दिलं नाही बाळा. आमच्या आजोबांनी तुम्हाला जमीन दिली, पाणी दिलंच नव्हतं."

तुमच्या करारात असं काही आहे का?

कज्जेदलाल

पोटमाळा, तुम्ही वकील व्हायला हवं होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ ला याकामा लोकांच्या मासेमारीच्या खटल्यात हेच म्हटलं: करार म्हणजे जमातींना दिलेले हक्क नव्हेत, जमातींनी दिलेले हक्क. जे दिलं नाही ते त्यांचंच राहिलं.

आणि ताई, करारातलं इंग्रजी वाक्य काढून बघा. 'युजुअल अँड अकस्टम्ड' जागांवर मासे धरण्याचा हक्क राहील असं आहे. गेली तीस वर्षं मी दिवाणी कोर्टात ज्याच्यावर पोट भरतोय तो शब्द हाच. वहिवाट!

रानजाई

वहिवाट!! अहो, 'युजुअल अँड अकस्टम्ड'ला मी दोन दिवस 'नेहमीच्या आणि सवयीच्या' असलं काहीतरी बुळबुळीत लिहीत होते.

किवीकाकू

उशिरा आले, पण भाषेवरून चाललंय म्हणून लिहिते. आमच्या न्यूझीलंडमध्ये सगळं भांडणच भाषांतराचं आहे. १८४० चा वायटांगी करार ब्रिटिश आणि इथले मूळ माओरी लोक यांच्यात, दोन भाषांत झाला. इंग्रजीत लिहिलं, सार्वभौमत्व राणीला दिलं. माओरीत तिथे 'कावानातांगा' शब्द घातला, म्हणजे गव्हर्नरकी, कारभार बघणं. आणि 'रांगातिरातांगा', म्हणजे सरदारांचा आपल्या भूमीवरचा, लोकांवरचा अधिकार, तो तुमच्याकडेच राहील असं माओरीत लिहून दिलं. पाचशेहून जास्त सरदारांनी सह्या केल्या, बहुतेकांनी माओरी प्रतीवर. २०२३ पासून इथल्या शाळांत देशाचा इतिहास सक्तीचा झाला तेव्हा माझा नातू दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून रंगीत पेन्सिलने शब्द जोडत बसला होता. एक जोडी जुळेना म्हणून वैतागला. म्हटलं, अरे, मोठ्यांनाही पावणेदोनशे वर्षांत जुळलेली नाही.

कज्जेदलाल

वॉशिंग्टनला तर याहून वाईट. ते करार चिनुक जार्गन नावाच्या बाजारबोलीत समजावले. काही शे शब्दांची बोली, कातडी आणि घोंगड्यांचा सौदा करण्यापुरती. तिच्यातून सार्वभौमत्व सांगायचं म्हणजे ग्राहक-दुकानदाराच्या चार वाक्यांत खरेदीखत वाचून दाखवायचं.

अवांतरपंत

विहिरीचं पटलं. पण १८५५ चा कागद १९७० मध्ये कोण विचारतो? आमच्याकडे कुळकायदा आला आणि किती जुने कागद रद्दीत गेले.

तिसरीघंटा

पंत, नेमकं १९७० च्या सुमारासच विचारलं. निस्क्वाली नदीवर बिली फ्रँक ज्युनियर नावाचे गृहस्थ वहिवाटीच्या जागी जाळं टाकत आणि राज्याचे अधिकारी त्यांना पकडून नेत. पहिली अटक १९४५ ला, वय १४. पुढे पन्नासहून जास्त वेळा. (चौथीच्या वर्गात हे सांगितलं की मुलं आधी मोजायला लागतात, मग गप्प होतात.) शेवटी केंद्र सरकारनेच राज्यावर खटला भरला. १२ फेब्रुवारी १९७४ ला न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला. करारात हा हक्क 'इतर नागरिकांच्या सोबतीने' असा लिहिलाय, म्हणजे धरता येण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा जमातींचा. लोक खवळले, न्यायाधीशांचे पुतळे जाळले. १९७९ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला. तेव्हापासून मासे किती आणि कधी धरायचे हे राज्य आणि जमाती एकत्र बसून ठरवतात.

वर्गासाठी अजून एक: २०१० ला होडेनोशोनी या मूळ अमेरिकी लोकांचा लक्रॉसचा (जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) संघ जागतिक स्पर्धेला इंग्लंडला निघाला होता, स्वतःच्या राष्ट्राचे पासपोर्ट घेऊन. ब्रिटनने ते मानले नाहीत. अमेरिकेचा पासपोर्ट घेऊन सहज जाता आलं असतं. ते गेले नाहीत, स्पर्धा सोडली. आणि हा खेळच मुळात त्यांचा! मुलांना विचारा, तुम्ही काय केलं असतं? माझ्या वर्गात दोन गट पडले आणि मधली सुट्टी संपली तरी भांडण चालू होतं.

चिंचपेटी

मग शेवटी शब्द कुठला ठरला? मी 'स्वराज्य' म्हणतेय. त्यात 'वर कुणी नाही' असा दावा नाही, 'आमचं आम्ही बघू' असा आहे.

गुरुजी_पूर्वविदर्भ

स्वराज्य चालेल. पण आपल्याकडे 'आदिवासी' शब्द आहेच, त्यात 'आदि' आधीच बसलाय. तुमच्या अभ्यासक्रमाचं नावही तेच सांगतंय की. आपण तो शब्द फॉर्मच्या रकान्यापुरता करून टाकला, ही वेगळी गोष्ट.

रानजाई

गृहपाठ झाला, कळवते.

तिने वहीत मराठी शब्द लिहिला 'स्वराज्य', खाली विहीर काढली, आणि पोटमाळांच्या वडिलांचं वाक्य इंग्रजीत. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. मग मुलांनी गुरुजींचा 'सही कुणाची' खेळ खेळला. माशांचा परवाना, न्यायालय, शाळा, तिकिटं. (टपालाची तिकिटं अमेरिकेची निघाली, तेव्हा एकाने घोषणा केली की मग सार्वभौम नाहीतच. दुसरी म्हणाली, आपल्या राज्याची तरी कुठे आहेत?) ड्युवामिशांपाशी मात्र सगळे अडले. सिएटल शहराला नाव ज्यांच्या प्रमुखाचं, त्यांना केंद्राची मान्यताच नाही. स्नोक्वाल्मींचीही १९५३ मध्ये गेली होती, ती १९९९ ला परत मिळाली. "जे आधीपासून आहेत त्यांना ओळखत नाही असं कसं म्हणता येतं?" याचं उत्तर बाईंनी दिलं नाही, फळ्यावर प्रश्न लिहून ठेवला. मला आवडलं ते.

पण घरी आल्यावर तिने पोटमाळांसाठी प्रश्न पाठवलाय: "विहीर आटली तर निम्मं कशाचं?"

पोटमाळा

आटली होती, १९७२ ला. घेणाऱ्याने वरच्या अंगाला नवी विहीर खणली आणि आमची अजून खाली गेली. तेव्हा कागद काही कामाला आला नाही. हे लेकीला सांगायचं का ते तुम्ही ठरवा.

कज्जेदलाल

पोरीने खटल्याचा पुढचा भाग विचारलाय! रस्त्यांखालच्या मोऱ्या. राज्याने रस्ते बांधताना ओढ्यांवर पाइप टाकले, त्यातल्या शेकडो मोऱ्यांतून सॅमनला वर अंडी घालायला जाता येत नाही. जमाती म्हणाल्या, मासाच उरला नाही तर निम्मा वाटा कशाचा? खालच्या न्यायालयाने राज्याला मोऱ्या दुरुस्त करायला सांगितलं. २०१८ ला सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार मतं पडली, म्हणून खालचा निकाल कायम राहिला. अब्जावधी डॉलरचं काम आहे, अजून चालू आहे.

रानजाई

दोन्ही सांगितलं, विहिरीचं आणि मोऱ्यांचं. आज शाळेतून चालत येताना पुलापाशी थांबली. दप्तर माझ्याकडे दिलं, कठड्यावरून वाकून खाली बघितलं. पाइपाचं तोंड पाण्यापासून चांगलं हातभर वर लोंबत होतं, धार खाली खड्ड्यात पडत होती.

"आई, इथून उडी नाही मारता येणार त्याला."

उद्या पट्टी घेऊन यायचं म्हणते.